वरच्या फळीवरचा पेला

औंढा नागनाथला आमची बदली झाली ती २०११ सालच्या जून महिन्यात. आमची म्हणजे आम्हां उभयतांपैकी एकाची. परंतु बँकेच्या नोकरीत बदली एकाची होत असली तरी बिऱ्हाड सगळ्यांचेच हलते. वसईच्या केळीबागांत आणि विहिरींच्या सावलीत वाढलेल्या आम्हांला मराठवाड्याचा तो उघडा मुलूख पहिल्या दिवशी परका वाटला. काळी माती, हळदीची शेते, क्षितिजापर्यंत पसरलेले आभाळ. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. आमची कन्या तीन वर्षांची होती. देवळामागच्या एका गल्लीत, एकाच अंगणाच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडे असलेल्या घरात आम्हांला जागा मिळाली.

नागनाथाचे देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. तेथे गेलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन खटकते: नंदी देवासमोर नाही, देवळाच्या मागच्या बाजूस आहे. त्याची कथा गावातले पोरही सांगते. नामदेव महाराज येथे कीर्तनाला उभे राहिले असता त्यांना दारातून हाकलण्यात आले. ते मुकाट्याने देवळाच्या पाठीमागे गेले आणि तेथे कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही ख्रिस्ती, ती कथा आम्हांला बाहेरची. तरी मागे बसवलेल्या माणसाकडे देऊळ वळते ही कल्पना आम्हांला फार आवडली होती, आणि वसईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ती मोठ्या उत्साहाने सांगत असू. आमच्याच अंगणापलीकडे कोण राहते, हे कळायला मात्र आम्हांला दोन वर्षे लागली.

अंगणापलीकडे एक विधवा बाई आपल्या मुलासह राहत असे. आम्ही तिला ताई म्हणत असू आणि ती आम्हांपैकी एकीला वहिनी. तिचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. हा लेखही तिच्या संमतीने आणि ओळखीच्या काही खुणा बदलून लिहीत आहोत. ताई शिवणकाम करी. आठवड्यातून तीन-चार दिवस ती सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडे. विचारले तर "दवाखान्याचं काम आहे" एवढेच सांगे. महिन्यातून एकदा ती एसटीने नांदेडला जाई. आमची कन्या दिवसभर तिच्या यंत्रापाशी चिंध्यांच्या बाहुल्या करीत बसलेली असे. संध्याकाळी चहा आमच्याकडे, हा ठरलेला रिवाज होता.

२०१३ च्या पावसाळ्यात एके दुपारी ताईच्या हाताला कात्री लागली. रक्त आले. कन्या धावत तिचे बोट धरायला गेली आणि ताईने तिला इतक्या जोरात ढकलले की ती उंबऱ्यावर पडली. मूल रडत घरी आले. आम्ही रागाने जाब विचारायला गेलो. ताई बोटाला फडके गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती.

"तुमच्या लेकराला माझं रगत लागू नये म्हणून ढकललं, वहिनी," ती म्हणाली, आणि मग तिने सर्व सांगितले.

तिचे पहिले अपत्य, मुलगी, दुसऱ्या वर्षी गेली. सारखी आजारी असे. कोणी नजर लागली म्हणाले, कोणी दूध बाधले म्हणाले. २००६ साली ती दुसऱ्यांदा गरोदर असताना रक्ततपासणीत तिला एचआयव्हीची लागण असल्याचे निघाले. मालमोटारीवर चालक असलेल्या नवऱ्याचीही तपासणी झाली, आणि मुलगी कशाने गेली याचा उलगडा तिला तेव्हा झाला. कळा सुरू झाल्यावर तिला नेव्हिरापीनची एक गोळी दिली गेली आणि जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचा एक डोस. त्या काळी सरकारी उपाय एवढाच होता. दीड वर्षाने मुलाची तपासणी झाली. तो निरोगी निघाला. नवरा २००८ मध्ये वारला. सासरच्यांनी तिचे भांडे-अंथरूण वेगळे केले, मग खोली वेगळी केली, आणि शेवटी तिलाच वेगळे केले.

आम्ही शिकलेली माणसे. हा रोग स्पर्शाने होत नाही, एकत्र जेवल्याने होत नाही, हे आम्हांला पाठ होते. आम्ही तिचे सांत्वन केले, गुपित राखण्याचा शब्द दिला, आणि घरी आलो. परंतु दुसऱ्या दिवशी ताई चहाला आली आणि गेली, तेव्हा तिचा पेला आमच्याकडून वेगळा घासला गेला. वेगळा घासला तो वेगळा ठेवला गेला. फडताळाच्या वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात. तसे करायचे असे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित लाज वाटली असती. कन्येला आता दुपारची झोप हवी, असेही आम्ही ठरवून टाकले.

ताईने पाच-सहा दिवस पाहिले. मग एक दिवस तिचा उपास निघाला, एक दिवस डोके दुखले, आणि पुढे ती चहाला यायचीच थांबली. ती एक शब्दही बोलली नाही. ज्या बाईने सासरी भांडी वेगळी झालेली पाहिली होती, तिला वरच्या फळीवरचा एक पेला ओळखायला कितीसा वेळ लागणार?

* * *

जवळजवळ दोन वर्षे अशीच गेली. २०१५ च्या श्रावणातल्या एका रविवारी सकाळी ताई आमच्या दारात उभी राहिली. पाऊस लागून राहिला होता, ओढ्याला पाणी आल्याने एसटी बंद होती, आणि तिला सात-आठ मैलांवरच्या एका गावी जायचे होते. आमच्याकडे जुनी मारुती व्हॅन होती. "काम लेकराचं आहे, म्हणून आले," ती म्हणाली. त्या वाक्यातले 'नाहीतर आले नसते' आम्हांला ऐकू आले.

वाटेत तिने तिचे 'दवाखान्याचे काम' प्रथमच नीट सांगितले. रक्ततपासणीत लागण निघालेल्या गरोदर बाईला समुपदेशक अर्धा तास समजावते. पण त्या अर्ध्या तासात बाईला काहीच ऐकू येत नाही. "मला तरी कुठं आलं होतं? तिचे ओठ हलायलेत एवढंच दिसत होतं." म्हणून मग ताईसारखी बाई तिच्या शेजारी जाऊन बसते. पहिल्या दिवशी सल्ला देत नाही, औषधाचे नाव काढत नाही. एवढेच सांगते: मलाही आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला नाही. पुढचे नऊ महिने आणि त्यानंतरची दोन वर्षे ती त्या बाईची मावशी होते, मावसबहीण होते, शिलाईवाली होते. त्या घरात जे नाते शोभेल ते होते. महिन्याचे मानधन तुटपुंजे होते, आणि ते सुरू होण्यापूर्वीही ती हे काम करीतच होती.

औषधे या वीस वर्षांत किती पुढे गेली हेही तिनेच आम्हांला शिकवले. तारखा आम्ही मागाहून वाचून जुळवल्या. काहीच उपाय न केल्यास, स्तनपान धरून, अशा मातांच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील प्रयोगाने दाखवून दिले की, गरोदरपणात आणि जन्मानंतर झिडोव्हुडीन दिल्यास हा धोका दोन तृतीयांशांनी घटतो. पण तो उपचार गरीब देशांना परवडणारा नव्हता. १९९९ मध्ये युगांडातील अभ्यासाने आईला एक गोळी आणि बाळाला एक डोस, एवढ्यानेही लागण जवळजवळ निम्म्यावर येते हे दाखवले. ताईचा मुलगा वाचला तो याच उपायाने. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एआरटीची औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळू लागली, आणि १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक लागणग्रस्त गरोदर बाईला, तिची प्रकृती कशीही असो, जन्मभराचे तिहेरी औषध देण्याचे धोरण देशभर आले. आईने गोळी न चुकवता घेतली, बाळाला सहा आठवडे नेव्हिरापीनचे पातळ औषध मिळाले आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही पोटात गेले नाही, तर धोका शेकडा पाचाच्याही खाली येतो. दूध आणि वरचे खाणे यांची सरमिसळ मात्र घातक. बाळाच्या कोवळ्या आतड्याला वरच्या पदार्थांनी इजा झाली की दुधातल्या विषाणूला वाट मिळते.

"कागदावर सोपं आहे, वहिनी," ताई म्हणाली. "पण बाळगुटीचं काय करायचं, ते कागदात लिहिलेलं नाही."

त्या गावी आम्ही पोहोचलो तेव्हा कागदात न लिहिलेली ती गोष्टच समोर चालली होती. ओसरीवर आजी सहाण घेऊन बसली होती. हळकुंड, सुंठ, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बदाम. एकेकाचे ठरलेले वळसे आईच्या दुधात उगाळले जात होते. नातू सहा दिवसांचा होता. आत सून खाटेवर बसली होती, वय वीस-एकवीस. तिला चौथ्या महिन्यात कळले होते, नवऱ्याला ठाऊक होते, सासूला नव्हते. रुग्णालयातून आणलेली औषधाची बाटली आजीने आदल्या दिवशी उकिरड्यावर ओतली होती: "एवढ्याशा जिवाला इंग्रजी दवा कशाला?" सुनेने ताईला फोनची नुसती रिंग दिली होती. बोलणार काय आणि कोणासमोर?

आम्हांला वाटले, ताई आता आजीला दवाखान्याचा धाक घालील. ती आजीच्या शेजारी पाट ओढून बसली. वेखंड कुठून आणले, बदामाचे किती वळसे देता, हे तिने चवीने विचारले. मग म्हणाली, "माझ्या पयलीला मीपण सगळं दिलं, माय. गुटी दिली, मध दिला, साखरपाणी दिलं. सवा वर्साची होऊन गेली."

आजीचा हात थांबला.

"मग दुसऱ्याच्या वक्ताला डॉक्टरीणबाई म्हणल्या, सहा महिने आईच्या दुधाबिगर काही नको, पाणीसुद्धा नको. समद्याच लेकरांना तसंच सांगतात त्या. आन हे औषध तेवढं द्यायचं. आईच्या अंगातलं काही लेकराला लागू नये म्हणून असतंय ते. पोरगा आता चौथीत हाय."

आम्ही दारात उभे राहून एकेक शब्द ऐकत होतो. त्यात एकही खोटा नव्हता. फक्त एक नाव गाळलेले होते. ते सांगण्याचा हक्क सुनेचा होता, ताईचा नव्हता, आमचा तर नव्हताच. हेच शब्द समुपदेशकाने किंवा आम्ही सांगितले असते तर आजीने पदर सावरून आम्हांला चहा दिला असता आणि आम्ही वळताच गुटी पाजली असती. ताईचे तिने ऐकले, कारण ताईपाशी एक मेलेले मूल होते आणि एक जिवंत.

आजीने बराच वेळ ताईच्या तोंडाकडे पाहिले. "किती द्यायचं?" तिने विचारले.

"दीड मिली. रोज एकदाच. तुम्हीच द्या तुमच्या हातानं, म्हणजे चुकायचं नाही. आन बाटली लपवू नका. देवळीत उजेडात ठेवा. लपवली की लोक जास्त विचारतात."

सुईविना असलेल्या सिरिंजवर ताईने शाईने रेघ मारून दिली. आजीला आकडे येत नव्हते, रेघ येत होती. पहिले दीड मिली ताईने पाजले, आजीने पाहिले. सहाणेवरचे उगाळलेले तिने स्वतःच्या कपाळाला पुसले आणि उठली. आत सून हुंदका दाबून रडत होती.

परतताना ताई व्हॅनमध्ये गप्प होती. घरी आल्यावर आम्ही तिला चहाला थांबवले. आमच्यापैकी एकाने वरच्या फळीवरून तो पेला खाली काढला. दोन वर्षांची धूळ बसली होती. तो इतर पेल्यांत धुतला, त्यात चहा ओतला आणि आम्ही स्वतःपुढे घेतला. ताईला दुसऱ्या पेल्यात दिला. क्षमा मागावी असे फार वाटत होते, पण शब्द सापडेनात. ताईने आमच्या हातातल्या पेल्याकडे पाहिले.

"उगं कशाला धुतलात वहिनी, माझी चहाची सवय मोडली होती," ती म्हणाली, आणि हसली. ती क्षमा होती की नव्हती, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी पुन्हा येऊ लागली.

* * *

ताई म्हणजे चमत्कार असे कोणी समजू नये. तिला ते मुळीच आवडणार नाही. तिच्या वहीत एक पान आहे, त्याविषयी ती बोलत नाही. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. २०१६ मध्ये अशीच एक गरोदर बाई टोळीबरोबर गेली. गोळ्या तेव्हा महिन्याच्याच मिळत. कारखान्याजवळच्या केंद्रात दाखवायचा कागद ताईने तिला करून दिला होता, तेथल्या ओळखीच्या एका बाईचा फोन नंबरही दिला होता. पण टोळीतल्या बायका 'दर महिन्याला कुठे जातेस?' असे विचारतील, या भीतीने ती गेलीच नाही. कोपीतच बाळंत झाली. उन्हाळ्यात परत आली तेव्हा बाळाची तपासणी झाली आणि बाळाला लागण निघाली. ताईने तीन दिवस यंत्र चालवले नाही. चौथ्या दिवशी त्या बाईकडे गेली, कारण आता औषध दोघांना द्यायचे होते. ते मूल आज औषधावर आहे आणि शाळेत जाते. तो विषाणू औषधाने जिंकला नव्हता, 'कुठे जातेस?' या प्रश्नाने जिंकला होता.

म्हणून हे काम एकट्यादुकट्याने होत नाही. १९९७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या भारतीयांनी आपले पहिले राष्ट्रीय जाळे उभारले. १९९८ मध्ये तामिळनाडूतील काही स्त्रियांनी केवळ स्त्रियांचे जाळे विणले. महाराष्ट्रातही पुण्याहून असे जाळे राज्यभर पसरले. तिकडे दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे मिच बेसर या प्रसूतितज्ज्ञांनी २००१ मध्ये 'मदर्स टू मदर्स' ही संस्था काढली. तिचा पाया असा की, लागण असूनही ज्यांनी आपले बाळ वाचवले त्या मातांनाच मानधन देऊन नव्या मातांच्या सोबतीला नेमायचे. आम्ही हे ताईला वाचून दाखवले तेव्हा तिला नवल वाटले नाही. "तिकडंबी सासवा असतीलच की," एवढेच ती म्हणाली.

कायदाही उशिरा का होईना आला. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार अशा व्यक्तीला नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यांत भेदाने वागवणे बेकायदा ठरले, आणि तिच्या संमतीविना तिची स्थिती उघड करण्यासही मनाई झाली. कायद्याचे महत्त्व आम्ही जाणतो. पण पेला कोणत्या फळीवर ठेवावा हे कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही. ते ज्याच्या त्याच्या घरात ठरते, आणि आमच्या घरात ते चुकीचे ठरले होते.

* * *

त्या श्रावणातल्या बाळाची शेवटची तपासणी २०१७ च्या आरंभी, ते अठरा महिन्यांचे झाल्यावर झाली. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन केलेली पहिली तपासणी चांगली आली होती. पण अखेरचा निर्वाळा दीड वर्षानेच मिळतो. कागद मिळायचा त्या दिवशी सून तापाने आजारी होती. ताईने आम्हांला पुन्हा व्हॅनसाठी विचारले, पण गरज पडली नाही. सकाळच्या एसटीने आजीच नातवाला कडेवर घेऊन आली आणि थेट आमच्या अंगणात येऊन बसली. पोर गुटगुटीत होते आणि कन्येच्या बाहुलीचा पाय चावीत होते.

ताई आतून कागद घेऊन आली. तो काय सांगून आणि कसा सांगावा, या विचारात ती उंबऱ्यावरच थबकली. दीड वर्ष जे नाव गाळले होते ते आता कागदावर होते.

आजीने हात वर करून तिला थांबवले. "नाव नगं सांगू, बाई," ती म्हणाली. "म्या काय खुळी हाय व्हय? सहा आठवडे माझ्या हातानं पाजलंय. लेकराचं तेवढं सांग."

"लेकराला काही नाही, माय," ताई म्हणाली.

आजीने मान हलवली. मग थोड्या वेळाने विचारले, "आन सुनेला रातची गोळी जलमभर लागंल ना?" ताईने होय म्हटले. "मग ती बाटलीबी देवळीत ठिवते. उजेडात."

आम्ही चहा केला. चार पेले ओतले, कोणता कोणाला गेला हे आम्ही पाहिले नाही.

२०१८ मध्ये आमची औंढ्याहून बदली झाली. तो पेला अजून आमच्या घरात आहे. त्यावर लग्नात भेट देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे, म्हणूनच तो इतरांतून ओळखू येतो. नाहीतर आला नसता. ताई अजून पिशवी घेऊन सकाळी बाहेर पडते. फोनवर तिला विचारले, तुझ्याविषयी लिहू का? ती म्हणाली, "माझ्याविषयी नका लिहू. पेल्याविषयी लिहा. तो लई घरांत असतोय."

म्हणून लिहिले.